गोल दिव्याची

तिच्याकडे पाहून कुणालाही वाटेल, ही संपली. पुढचं चाक बसलेलं, सीट उसवलेली, सायलेन्सरला तपकिरी पापुद्रे सुटलेले, टाकीवरच्या धुळीत शेजारच्या पोरांनी बोटांनी गिरवलेली नावं. यमुनानगरमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती भिंतीकडे तोंड करून उभी असायची. पण हँडलवरचा गोल दिवा शाबूत होता, आणि जाणकार तो दिवा बघूनच ओळखायचा, की ही पहिल्या पिढीतली पल्सर.

पल्सर आली २००१ च्या नोव्हेंबरात. तोवर आकुर्डीची ओळख म्हणजे चेतक, नवरा-बायको आणि दोन पोरांना घेऊन निघणारी घरेलू स्कूटर. चाकणच्या नव्या कारखान्यातून निघालेली ही गाडी वेगळ्या पिंडाची होती. नावाला दीडशे, प्रत्यक्षात १४४ सीसी, पाच गिअर, भरदार टाकी. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कितीतरी कामगारांनी आयुष्यातली पहिली मोटारसायकल म्हणून हीच घेतली. पहाटे मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडायचा आणि नाशिक रस्त्याने पहिल्या पाळीला हजर व्हायचं, हे तिचं रोजचं काम. आमच्या इमारतीतल्या गाडीचे मालक, आम्हा सगळ्यांचे काका, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. ते निवृत्त झाले, मुलाने नवी स्कूटर घेतली, आणि ही भिंतीला लागली ती लागलीच.

मग एक दिवस कळलं, की किकच बसत नाही. इंजिन सीझ.

हे ऐकलं की लोक हात झटकतात. पण धावत्या गाडीचं सीझ होणं आणि उभ्या गाडीचं सीझ होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धावताना ऑइल संपलं, तर ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून बिडाच्या स्लीव्हपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो आणि बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत, ओरबाडत अडकतो. तिथे धातूचं नुकसान झालेलं असतं. उभी गाडी अडते ती पावसाळ्यांमुळे. इंजिन ज्या ठिकाणी थांबलं, तिथे बऱ्याचदा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो. सायलेन्सरमधून ओली हवा थेट सिलेंडरपर्यंत जाते. बोअरवरचा तेलाचा पातळ थर तोवर ओघळून गेलेला असतो. उघड्या पडलेल्या लोखंडावर गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. पिस्टन आणि बोअरमधली फट केसापेक्षाही बारीक. तिच्यात, नेमकी पिस्टनच्या रिंगांच्या कडेला, गंजाची पाचर बसते. तुटलेलं काहीच नसतं. म्हणून अशा गाडीला मेलेली म्हणायला मी कधीच तयार होत नाही.

तिला मारतात ती माणसं. निगडीचा मेकॅनिक आला तेव्हा काका दोन्ही पाय किकवर देऊन उभे होते. तो धावत आला. "काका, उतरा आधी. रिंग तुटली तर बोअर गेला म्हणून समजा."

त्याने घाई केली नाही, हे मला फार आवडलं. आधी न्यूट्रलला मागचं चाक फिरवून पाहिलं. फिरलं, म्हणजे चाक जाम नाही. किकचे दातेच अडकले असतील, या शंकेने मॅग्नेटचं झाकण काढून क्रँकच्या नटाला पाना लावला. तिथेही ढिम्म. मग प्लग. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वर्षानुवर्षं बसलेला प्लग रागाने फिरवला, की हेडचे आटे घेऊनच बाहेर येतो. त्याने मुळाशी तेलाचा फवारा मारला, चहा घेऊन आला, मग पाना थोडा पुढे, थोडा मागे करत प्लग सोडवला. भोकात बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा पिस्टनचा माथा दिसला, काजळी धरलेला, आणि काठाने विटकरी रंगाची बारीक कड. सगळं भांडण त्या कडेत होतं.

डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल, निम्मं निम्मं, इंजेक्शनच्या सिरिंजने आत गेलं. प्लगच्या जागी चिंधीचा बोळा. काका रोज सकाळी पेपर आणायला उतरले की बोळा काढून बघायचे. आधी पातळी हलतच नव्हती. मग ती किंचित खाली गेली आणि त्यांनी मला हाक मारून दाखवली. तेल रिंगांच्या कडेने उतरायला लागलं होतं.

त्यानंतर मेकॅनिकने गाडी मेन स्टँडवर घेतली, पाचवा गिअर टाकला आणि मागचं चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे झुलवायला लागला. पाचवाच का? पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाला खूप फेरे घ्यावे लागतात, त्यामुळे हाताचा जोर तिथपर्यंत पोचतच नाही. पाचव्यात तो सगळ्यात जास्त पोचतो. चाक बराच वेळ तेवढ्यातल्या तेवढ्यात हललं. मग टक्क असा बारीक आवाज आला. पिस्टन सुटला होता, बोटभरसुद्धा नाही, पण सुटला होता. पुन्हा तेल, पुन्हा झुलवणं, आणि अखेर पूर्ण फेरा. प्लगच्या भोकातून काळपट लाल पिचकारी उडाली ती थेट काकांच्या शर्टावर. त्यांनी तो पुसलाही नाही.

मेकॅनिकने तिला लगेच चालू करू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. डिझेल झिरपून खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं. ते सगळं काढून नवं भरल्याशिवाय इंजिन चालवलं तर बेअरिंगा जातात. शिवाय बोअर बघायचा होता. ब्लॉक उतरवल्यावर काकांनी आत नख फिरवलं. चाळीशीपासून निवृत्तीपर्यंत ज्या बोटांनी जॉब तपासले तीच बोटं. एका जागी नख अडकलं. "बोअरिंग," ते म्हणाले, आणि ब्लॉक स्वतः पिशवीत घालून भोसरीला घेऊन गेले. पाव मिलीमीटरने मोठा पिस्टन, नव्या रिंगा.

नाहीतर भंगारवाला तिला किलोवर मोजणार होता. जुने सुटे भाग मिळायची हक्काची जागा म्हणजे कुदळवाडीची गोदामं, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली. आता पहिल्या पल्सरचा एखादा भाग शोधायचा तर पायपीट वाढते. म्हणूनच जी शाबूत आहे, तिला जपायला हवं.

तुमच्या पार्किंगमध्ये अशी एखादी असेल, तर कृपा करून तिला किक मारू नका. प्लग काढा, तेल सोडा, वाट बघा. आणि जी अजून फिरते पण उभीच राहणार आहे, तिच्या प्लगच्या भोकात पावसाळ्याआधी दोन चमचे ऑइल घाला, सायलेन्सरचं तोंड चिंधीने बंद करा, आणि महिन्यातून एकदा पाचव्या गिअरमध्ये चाक ढकलून इंजिन फिरवून ठेवा.