वीकएण्ड स्पेशल : लॉ कॉलेज रोड

शुक्रवारी रात्री 'काय बघू यार?' म्हणत रिमोटशी अर्धा तास खेळताय? मग पुण्यात लॉ कॉलेज रोडवर या. एफटीआयआयचा कॅम्पस म्हणजे जुना प्रभात स्टुडिओ. १९३६चा 'संत तुकाराम' इथलाच. १९३७चा 'कुंकू'ही. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली त्यातली नीरा आजच्या वेब सीरिजवाल्या नायिकांना भारी पडेल!

याच रस्त्यावर फिल्म अर्काइव्ह. पी. के. नायर यांनी हिंडून हिंडून तिच्यासाठी रिळं जमवली, अगदी फाळकेंच्या 'कालिया मर्दन'चीसुद्धा. नायरांवरची 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) ही डॉक्युमेंटरी आधी बघा, मग इथे चक्कर मारा. मी उलटं केलं. कॉलेजची सगळी वर्षं अर्काइव्हसमोरून स्कूटी दामटली, आत एकदाही डोकावले नाही.