वाटाण्याचा कोंब आणि पीपीटी

आमच्या धंद्याची पहिली अडचण अशी की केलेलं काम दाखवता येत नाही. सुताराला कपाट दाखवता येतं. मी कंपन्यांच्या पीपीटी करते: गुंतवणूकदारांपुढचा पिच डेक, डीलर संमेलनातलं सादरीकरण, चाकणच्या वाहन कंपनीच्या खरेदी विभागाला पटवायच्या स्लाइड. त्यांत नफ्याचे आकडे असतात, बाजारात न आलेला माल असतो. काम सुरू होण्याआधीच गोपनीयतेच्या करारावर सही होते आणि काम संपल्यावर चारचौघांत दाखवण्याजोगं माझ्याकडे बिलाशिवाय काही उरत नाही.

दुसरी अडचण खुद्द पॉवरपॉइंट. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. आज ते लॅपटॉपोलॅपटॉपी आहे, म्हणून घरटी ते येणारा एक भाचाही आहे. "आमचा भाचा करतोच की, तुम्ही वेगळं काय करणार?" शिवणे गावच्या कारखानदारापासून कर्वे रस्त्यावरच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न. तोंडी उत्तर दिलं तर ती फुशारकी वाटते. म्हणून मी व्हिडिओकडे वळले.

या बाबतीत माझे गुरू दादासाहेब फाळके. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटाला पैसे कोण देणार? चित्रपट म्हणजे काय हेच सावकाराला ठाऊक नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर कोंब मिनिटभरात वर आला. 'अंकुराची वाढ' नावाचं हे इवलंसं चित्रण पाहून भांडवल देणारे पुढे आले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडलेच, पण ३ मे १९१३ ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. फाळक्यांनी सावकाराला आपली हुशारी सांगितली नाही, पुढच्या कमाईची स्वप्नंही दाखवली नाहीत. एक गोष्ट बदलताना दाखवली.

त्याहून मला मोलाचं वाटतं ते त्यांचं १९१७ चं काम, 'चित्रपट कसे तयार करतात'. त्याचा काही भाग आजही उपलब्ध आहे. फाळके एकेकाळी 'प्रोफेसर केळफा' नावानं जादूचे प्रयोग करत. जादूगाराचं पोट लपवण्यावर चालतं. तोच माणूस पुढे पडद्यामागचं सगळं उघडं करून दाखवतो, तेही नवा धंदा जेमतेम उभा राहत असताना. "सगळं फुकट दाखवलंत तर काम कोण देणार?" असं मला विचारणाऱ्यांनी हे आठवावं. कृती कळली म्हणजे हात बसला असं होत नाही. आणि कृती पाहिल्यावरच बघणाऱ्याला कळतं की भाच्याला एवढा वेळ नाही.

तर माझा नेहमीचा व्हिडिओ असा. पहिल्याच क्षणी पडद्यावर बिघडलेली स्लाइड. "नमस्कार मित्रांनो" नाही, लोगोचं फिरणं नाही. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे गळतात याचा आलेख दिसतो आणि सुरुवातीच्या ३० सेकंदांतली घसरण बघवत नाही. मग एकेक बदल, कारणासकट. 'कंपनीची ओळख' हे शीर्षक काढायचं, त्या जागी दावा लिहायचा: 'तीन वर्षांत परत आलेला माल निम्म्यावर आला'. तिरप्या थ्रीडी पाय चार्टमध्ये पुढची फोड आहे त्यापेक्षा मोठी दिसते, म्हणून तिथे साधे आडवे पट्टे.

स्लाइड आणायची कुठून? ग्राहकाची वापरता येत नाही. पण सेबीच्या २०१५ च्या नियमांमुळे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या गुंतवणूकदारांना दाखवलेली सादरीकरणं जाहीर करतात. त्यांतल्या नेहमीच्या चुका मी हेरते, नाव आणि आकडे बदलून तशीच स्लाइड स्वतः बनवते आणि मग सुधारते. खऱ्या कंपनीची स्लाइड नावानिशी आणून टर उडवणारेही आहेत. व्ह्यूज मिळतात त्यांना. पण बघणारा कारखानदार मनात म्हणतो, उद्या ही बाई माझीही उडवेल.

व्ह्यूजबद्दल माझं मत जरा कडवट आहे. पॉवरपॉइंटमधल्या मॉर्फ ट्रान्झिशनची गंमत दाखवणारी रील धो धो चालते. कमिन्स कॉलेजच्या मुली रस्त्यात ओळखतात, "ताई, तुमच्या ट्रिकवर आमचं सेमिनार निघालं" म्हणतात. बरं वाटतं. चौकशी मात्र येत नाही, कारण गमतीचा प्रेक्षक वेगळा आणि कोटेशन मागणारा वेगळा. कोटेशन मागणारा दहा मिनिटांचा रटाळ वाटावा असा व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो, कारण त्याची सोमवारी मीटिंग असते.

खरं काम होतं ते कुणालाच न दिसणाऱ्या व्हिडिओवर. चौकशी आली की मी त्यांच्याच जुन्या पीपीटीतली, त्यांनी पाठवलेली एखादी स्लाइड घेते, स्क्रीन रेकॉर्ड करत तीनेक मिनिटं बोलते आणि यूट्यूबची अनलिस्टेड लिंक व्हॉट्सॲपवर धाडते. माल गुपित असेल तर तेही नाही, फाइल थेट त्यांनाच. यामागे साधा हिशोब आहे. मला फोन करणारा बहुधा मार्केटिंगचा मॅनेजर असतो. चेक फाडणारे साहेब आत बसलेले, माझ्याशी कधी न बोललेले. मॅनेजरनं आत जाऊन "त्या कर्वेनगरच्या मॅडम चांगलं करतात" म्हटलं की साहेब दर विचारतात. व्हिडिओ पुढे ढकलला की साहेब स्वतःची स्लाइड बघतात. मी नसलेल्या खोलीत माझं बोलणं पोहोचतं. मग अक्षर केवढं हवं हेही तिथेच ठरतं, कारण साहेब व्हिडिओ फोनवर, बहुधा गाडीत, आवाज बंद ठेवून बघतात. म्हणून मुद्दा मथळ्यातच मोठ्या टायपात, खाली मराठी ओळी.

मराठीत बोलायचं हे मी हट्टानं ठरवलं. स्लाइड इंग्रजीत असली तरी तिच्यावरची भांडणं मराठीतच होतात. बघणारे कमी, पण इचलकरंजी, सांगली, नगरकडचे, आणि पतसंस्थांचे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर उरकायच्या असतात. त्यामुळे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातला अहवाल सभागृहाच्या कॉम्प्युटरवर उघडताच अगम्य अक्षरं का होतात आणि मुक्तासारख्या मोफत युनिकोड फॉन्टात तो कसा आणावा, हा व्हिडिओ मी जुलैत पुन्हा फिरवते. दरवर्षी त्यातून एखादी पतसंस्था लागतेच.

सामानाबद्दल फार विचारतात, तिथे सांगण्यासारखं फार नाही. फोन, कॉलरला लावायचा माइक, खिडकीचा उजेड. चित्र जरा मळकट चालतं, आवाज चालत नाही. आमच्या गल्लीत सकाळी भाजीवाला, दुपारी कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये टाइल्स कापायचं मशीन, संध्याकाळी वारज्याकडे तुंबलेल्या गाड्यांचे हॉर्न. मी रात्री उशिरा, कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्यापुढे बसून रेकॉर्ड करते. साड्या आवाजाचा घुमारा छान शोषतात.

अलीकडे मी व्हिडिओतच दर सांगायला लागले आहे: एका स्लाइडला किती, रातोरात हवं असेल तर किती, तिसऱ्या दुरुस्तीनंतर किती. इथल्या व्यवसायबंधूंना ते रुचलं नाही. गिऱ्हाईक पाहून भाव करण्याची सोय जाते ना. माझ्याकडे फोन कमी झाले आहेत. येतात ते घासाघीस करत नाहीत, फाइल कधी मिळेल एवढंच विचारतात. मार्चमध्ये तर मला नाही म्हणावं लागतं.