सिगारेट सोडली आणि रक्त आलं

सिगारेट सोडून सव्वा महिना झाला आणि माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पहिल्यांदा पेरूवर दिसलं. आतून गुलाबी असेल म्हणून अर्धा पेरू मी संपवलाही. दुसऱ्या दिवशी बेसिनमध्ये थुंकलो तर फेसही गुलाबी. 22 वर्षं रोज सात-आठ सिगारेटी ओढल्या तेव्हा थेंब आला नाही, आणि सोडल्यावर हे! शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं निदान केलं, "सोडणं लाभलं नाही तुला."

मी माझ्या अकलेनं उपाय सुरू केला. रक्त येतं तिथे ब्रश लावायचाच नाही. जखम कशाला घासायची? आईच्या सांगण्यावरून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, सासूबाईंनी दिलेलं लवंगेचं तेल चोळलं. दुखत तर काहीच नव्हतं, आणि दुखत नाही म्हणजे किरकोळ, एवढंच माझं वैद्यकशास्त्र. शेवटी बायको म्हणाली, "तोंडाला वास येतोय. आता तर सिगारेटचंही निमित्त नाही." मग गेलो.

दातांची डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची. "काका, आ करा." तिच्या हातात खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई होती. दात आणि हिरडीच्या फटीत ती हलकेच घालून डॉक्टर आकडे बोलत होती, असिस्टंट लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच, चार, सहा." दरेक दाताला सहा आकडे, तीन गालाकडून, तीन जिभेकडून. मला वाटलं गुण देतायत. सहा ऐकून बरंही वाटलं. ते मिलिमीटर निघाले. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटून खिसा झालेला. माझे खिसे आयुष्यात पहिल्यांदा भरलेले निघाले, तेही जंतूंनी.

सिगारेटचं कोडं तिनंच सोडवलं. हिरडी बिघडली की रक्त येतं, ती तिची तक्रार. धुरानं हिरडीतला रक्तपुरवठा आखडतो, म्हणून तक्रार ऐकू येत नाही. आजार मात्र चालूच राहतो. म्हणजे आता येणारं रक्त गेल्या कित्येक वर्षांची थकबाकी होती. आणि ब्रश न लावण्याचा माझा शहाणपणा? दातांवर रोज चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी त्याचं कीटण होतं, दगडासारखं टणक. ते मग ब्रशला दाद देत नाही. रक्त येतं तिथेच थर जास्त, आणि मी नेमकी तीच जागा सोडत होतो.

नुसती हिरडी सुजली असती तर ती पूर्ववत झाली असती. एक्स-रेमध्ये दातांमधलं हाड मात्र उन्हाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यासारखं खाली गेलेलं दिसलं. "परत वर येईल?" "नाही काका. आहे तेवढं राखू." रक्तातली साखरही तपासायला लावली. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बिघडवतात म्हणे. साखर काठावर निघाली. दात दाखवायला जाऊन गोड बंद झालं.

भूल देऊन दोन बैठकांत हिरडीखालच्या मुळांपर्यंत सफाई झाली. खालच्या पुढच्या दातांमागून कवडीएवढं काहीतरी सुटून जिभेवर पडलं आणि मी हात वर केले. दातच गेला असं वाटलं. ते कीटण होतं. घरी आल्यावर जीभ दिवसभर त्या नव्या फटीत. थंड पाण्यानं झिणझिण्या. "साफ केले की दात हलतात," असं बजावणाऱ्या शेजारच्या काकांची आठवण झाली. फट आधीपासूनच होती, कीटणानं बुजली होती इतकंच. दोन आठवडे क्लोरहेक्झिडीनच्या गुळण्या, त्याही पेस्टनंतर अर्धा तास थांबून. त्या दिवसांत आमटीची चव गेली, चहानं दात तपकिरी झाले.

आणि खरा गोंधळ पुढे. रक्त येतं तिथेच ब्रश धरायचा, तिरका, केस हिरडीच्या कडेशी. दातांमधल्या फटींसाठी वेगळा चिमुकला ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू. पहिले चार दिवस बेसिन बघवत नव्हतं. मी फोन केला. "बरोबर चाललंय, थांबू नका," एवढंच उत्तर. तिसऱ्या आठवड्यात फेस पांढरा झाला.

आठ आठवड्यांनी पुन्हा सळई, पुन्हा आकडे. पाचाचे तीन झाले होते, बऱ्याच सहांचे चार. खालची डावी दाढ मात्र सहावर अडून बसली आहे. तिच्यासाठी कदाचित हिरडी उघडून साफ करावी लागेल. तीन महिन्यांनी ठरेल.

परवा तो मित्र टपरीवर चहा पिताना म्हणाला, "बघ, माझ्या हिरड्यांतून थेंब येत नाही." सिगारेट बाजूला धरून त्यानं दात दाखवले. मी पुढे वाकून मनातल्या मनात मोजायला लागलो.