भांड्यातला खडा, मूत्रपिंडातला खडा

बिअर आंबवण्याच्या भांड्याला काही महिन्यांनी आतून करडा-तपकिरी, खरखरीत थर धरतो. सोड्याने कितीही घासा, तो हलत नाही. त्याला आम्लच लागतं. या धंद्यात त्याला बिअरस्टोन म्हणतात. मॉल्टमधलं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातलं, ऑक्झलेट आणि पाण्यातलं कॅल्शियम यांची गाठ पडली की कॅल्शियम ऑक्झलेट तयार होतं आणि प्रथिनांबरोबर भांड्याला चिकटून बसतं. माणसाच्या मूत्रपिंडात सर्वांत जास्त आढळणारा खडाही याच क्षाराचा. आणि महाराष्ट्रात तर बिअर प्यायली की मूतखडा पडून जातो, असं गावोगाव छातीठोकपणे सांगितलं जातं. म्हणून ज्याच्या हातून बिअर घडते, त्याने या दाव्याची शहानिशा करायलाच हवी.

पण घरी बिअर बनवण्याचा छंद सगळीकडे चालत नाही, म्हणून आधी कायद्याचं. घरच्या बिअरवरचं परवान्याचं बंधन ब्रिटनने १९६३ साली काढलं. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने तिला करमाफी मिळाली: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन, आणि विक्री बंद. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे, तेव्हा इथल्या वाचकाने हा छंद घरी करू नये. परदेशात, जिथे मुभा आहे तिथे मात्र मराठी घरांतही तो रमतो. प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकीच एक.

खड्याच्या दाव्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या १९९९ सालच्या अभ्यासात, आणि अमेरिकेतल्या जवळपास १,९४,००० लोकांची माहिती तपासणाऱ्या २०१३ सालच्या अभ्यासात, बिअर पिणाऱ्यांमध्ये मूतखडे कमी आढळले. दुसऱ्या अभ्यासात हा फरक ४१ टक्के होता. पण हे अभ्यास निरीक्षणाचे. त्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय ते नवा खडा होण्याबद्दल बोलतात. झालेला खडा बाहेर ढकलण्याबद्दल त्यांत काहीच नाही.

लघवी वाढते हे तर खरंच. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगतं. मद्य त्यालाच अडवतं. इंग्लंडमध्ये एम. ग्रेस एगल्टन यांनी १९४२ साली हे मोजलं, तेव्हा दर ग्रॅम अल्कोहोलमागे सुमारे १० मिलिलिटर जादा लघवी होते असं दिसलं. लघवी पातळ झाली की तिच्यात स्फटिक धरणं अवघड होतं. पण हेच काम साधं पाणी करतं. खडा परत होऊ नये म्हणून डॉक्टर दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात, आणि पाण्याने यकृतावर बोजा पडत नाही.

मग ‘बिअर प्यायलो आणि खडा पडला’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपसूकच पडतात. श्रेय मात्र त्या आठवड्यात जे प्यायलं असेल त्याला जातं. खडा मूत्रवाहिनीत अडकून कळा येत असताना लघवी जोराने वाढवली, तर अडथळ्याच्या वरचा दाब वाढतो आणि कळही वाढते. त्या वेळी वेदनाशामक गोळी पोटात गेलेली असते, उलट्यांनी शरीर कोरडं पडलेलं असतं. त्यावर मद्य ओतणं म्हणजे मूत्रपिंड आणि जठर दोन्हींशी खेळ.

खडा युरिक ॲसिडचा असेल तर गोष्ट आणखी वाईट. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास आला. त्यात वातरक्ताचा, म्हणजे गाऊटचा, धोका बिअरने सर्वांत जास्त वाढला, कडक दारूने त्याहून कमी, आणि माफक वाइनने जवळपास नाहीच. मद्याने युरिक ॲसिड वाढतंच. बिअरमध्ये त्यावर मॉल्टमधून येणाऱ्या प्युरिनची भर पडते, आणि प्युरिनचंच शरीरात युरिक ॲसिड होतं. घरच्या बिअरमध्ये तर आणखी एक गोष्ट असते: बाटलीच्या तळाशी बसलेलं यीस्ट. कारखान्यातली बहुतेक बिअर गाळलेली असते, घरची बाटलीतच फसफसते, म्हणून गाळ उरतो, आणि यीस्ट हे प्युरिनचं आगर. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हा गाळ मुद्दाम घोळवून ग्लासात घेतात. चव सुंदर येते, पण युरिक ॲसिड वाढलेल्या पाहुण्याला ती देऊ नये. त्याला खरं तर बिअरच देऊ नये.

घरच्या बाटलीवर लेबल नसतं, हा दुसरा फरक, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोठा. हायड्रोमीटरने मोजलेली सापेक्ष घनता आंबवण्यापूर्वी १.०५० आणि नंतर १.०१० आली तर बिअर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, १.०८० वरून १.०१५ वर आली तर साडेआठ टक्के. रंग, फेस, वास यांवरून हा फरक कळेलच असं नाही. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत पहिल्या बिअरमध्ये १४ ग्रॅमच्या आत अल्कोहोल, दुसऱ्यात २२. प्रोस्टेट वाढलेल्या साठीतल्या माणसाने अशा दोन बाटल्या घेतल्या, तर मूत्राशय झपाट्याने भरतं, नशेत जाणीव बोथट होते, आणि पहाटे लघवी पूर्ण अडून नळी घालण्याची वेळ येऊ शकते. तुडुंब भरलेलं मूत्राशय नशेत फुटल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. विरळ, पण आहेत. म्हणून न मोजलेली बिअर कुणाच्या हातात देऊ नये.

धान्य आणि भांडं ही तर सर्वस्वी बनवणाऱ्याची जबाबदारी. ओल लागलेल्या धान्यावरच्या काही बुरशा ऑक्राटॉक्सिन ए नावाचं विष तयार करतात. ते मूत्रपिंडाला बाधतं, आणि वॉर्ट, म्हणजे आंबवण्यापूर्वीचा मॉल्टचा काढा, उकळूनही नाहीसं होत नाही. बुरसट वासाचं मॉल्ट निवडत बसू नये, फेकावं. बिअरचा सामू साधारण चार ते साडेचार, म्हणजे ती आम्लधर्मी. शिशाचा मुलामा असलेल्या मातीच्या भांड्यातून ती शिसं ओढून घेते, आणि शिसं वर्षानुवर्षं मूत्रपिंड पोखरतं. स्टेनलेस स्टील, काच किंवा खाद्यपदार्थांसाठीचं प्लॅस्टिक, याबाहेर जाऊ नये.

ऑक्झलेटवर बिअर बनवणाऱ्यांकडे जुना उपाय आहे. मॉल्ट गरम पाण्यात भिजवतानाच थोडं जिप्सम घालायचं, म्हणजे त्यातलं कॅल्शियम मॉल्टमधल्या ऑक्झलेटला तिथेच धरून चोथ्याबरोबर बाहेर काढतं. खड्याच्या रुग्णाला डॉक्टर दूध-दही बंद करू नका, जेवणाबरोबर घ्या असं सांगतात, ते याच कारणाने: कॅल्शियमने ऑक्झलेटला आतड्यातच गाठावं, लघवीपर्यंत जाऊ देऊ नये. पातेल्यातलं आणि पोटातलं रसायन इतकं जुळलेलं पाहून या कामाबद्दलचा आदर वाढतो.

उन्हाळी लागल्यावर घरोघरी जवाचं पाणी देतात. जव बिअरमध्येही असतात, म्हणून बिअर गुणकारी, हा तर्क टिकत नाही. जवाच्या पाण्यात मद्य नसतं. जळजळ बहुधा ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या संसर्गाची असते. तिला तपासणी आणि औषध लागतं.

बिअर आवडत असेल तर ती चवीसाठी, मोजून आणि जेवणासोबत प्यावी. मूतखड्याचं औषध म्हणून कुणाला देऊ नये, घरची तर नाहीच. खडा असेल तर लघवी गाळून घ्या, पडलेला खडा प्रयोगशाळेत द्या आणि तो कशाचा आहे हे जाणून घ्या. कळांबरोबर थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.