परमुलखांतील वाणसामान

नाशिकच्या इंदिरानगरांत सायंकाळीं जॉगिंग ट्रॅकवर फेरफटका मारावा, तर बांकांवरील वडील मंडळींच्या बोलण्यांत पंचवटीपेक्षां डॅलस, मेलबर्न आणि स्टुटगार्ट हींच नांवें अधिक कानीं येतात. पैकीं स्टुटगार्टशीं नाशिकचें नातें जुनें. सातपूरच्या ज्या कारखान्यास नाशिककर अद्याप ‘मायको’च म्हणतात, त्याच्या मूळ जर्मन पेढीची स्थापना बॉश यांनीं १८८६ सालीं त्याच शहरीं केली.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठीं आमची ताई गेल्या हिंवाळ्यांत तेथें गेली. सोबतीस म्हणून प्रस्तुत लेखिकेसहि दोन महिने राहण्याचा योग आला. वडाळा-पाथर्डी रस्त्यावरील वाण्यास “नेहमींचें द्या” एवढेंच सांगून जिनें तीस वर्षें संसार केला, तिला आतां डब्यावरील एकहि अक्षर लागेना.

पहिला घोटाळा जिऱ्याचा. जावईबापूंचें जर्मन कचेरीपुरतें उत्तम. स्वयंपाकघराची भाषा मात्र त्यांस मराठींतहि बेताचीच. त्यांनीं आणलेले दाणे तुपांत पडतांच ताईनें नाक मुरडलें.

“जावईबापू, हें जिरें नव्हे हो.”

“पण आई, डब्यावर क्यूमेल लिहिलें आहे!”

खरी गोम अशी, कीं नुसतें क्यूमेल म्हणजे इंग्रज ज्यास कॅरावे म्हणतात तें बीं. दिसावयास जिऱ्याचें सख्खें भावंड, वासानें अगदीं परकें. आपलें जिरें तें क्रॉइत्सक्यूमेल. आणि श्वार्त्सक्यूमेल, म्हणजे शब्दशः काळें जिरें, मागावें तर हातीं कलौंजी पडते. एका आडनांवाचीं तीन घराणीं! आम्हीं सारीं हंसलों. ताई हंसली नाहीं. लेकीला दूध कमी येत होतें. घराण्यांतील तीन बाळंतपणें निस्तरलेल्या बाईस स्वतःच्या लेकीच्या पथ्याचें जिरें मिळूं नये, हें तिच्या मनाला फार लागलें. तो डबा तिनें फडताळाच्या पार मागें सारला.

पिठाची तऱ्हा निराळीच. पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आंकडे. शंभर ग्रॅम कोरडें पीठ जाळलें असतां सुमारें जितके मिलिग्रॅम राख उरते तो हा आंकडा. लहान आंकड्याचें पीठ पांढरें, कोंडा कमी. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदाच. त्याच्या पोळ्या वातड, निव्वळ सकोंडा पिठाच्या फाटणाऱ्या. अखेर दोहोंच्या निमपट मिश्रणावर तडजोड झाली. अळीव तर बागकामाच्या फळीवर निघाले! तिकडे ते ओल्या कापसावर उगवून त्याचा पाला लोणी लावलेल्या पावावर घालतात. पुडी चार बोटांची. लाडवांना किती पुरणार? शिवाय पेरणीचें बीं खाण्यास योग्य असेलच असें नाहीं.

बारशाचा बारावा दिवस नेमका रविवारीं आला आणि सकाळींच साखर सरलेली आढळली. रविवारची विश्रांति तेथें राज्यघटनेनेंच रक्षिलेली आहे. सकाळच्या बेकऱ्या, स्टेशनांतील दुकानें असे अपवाद सोडले, तर सारा बाजार कडेकोट बंद. खालच्या मजल्यावरील जर्मन आजींकडे वाटी घेऊन जावें लागलें. इंदिरानगरांत यांत कांहींच विशेष नव्हतें. तेथें मात्र जावईबापूंनीं जिन्यांत तीनदां वाक्य घोकलें.

आजींनीं साखर दिलीच, वर बाळंतिणीसाठीं चहाची एक पेटीहि दिली. स्तनपान करणाऱ्या मातांचा म्हणून हा चहा तिकडे सर्रास विकतात. पेटीवरील नांवें भाचीनें मोठ्यानें वाचलीं: बडीशेप, अनीस आणि... क्यूमेल!

ताईनें पेटी हातांत घेऊन हुंगली. अशा काढ्यानें दूध वाढतेंच असें वैद्यकानें निर्विवाद सिद्ध केलेलें नाहीं. घरीं येणारी सुईण (तिचा खर्च तेथें विमाच सोसतो) बाळाला वरचेवर पाजण्यावरच भर देई, आणि आठवड्याभरांत बाळाचें वजन वाढूं लागलें तें बहुधा त्यामुळेंच. ताईस हें मान्य नव्हतें. त्याच सायंकाळीं तिनें फडताळांतला तो डबा पुढें ओढला आणि त्यावर मराठींत चिठ्ठी डकविली: “बाळंतिणीचें जिरें. फोडणीस घेऊं नये.”