खालच्या प्लॉटमधली डाऊनी

आज ओढ्याकाठच्या अर्ध्या एकरातले डाऊनीचे घड कापून लांब खड्ड्यात पुरले. फोटो टाकत नाही, बघवत नाहीत.

गेल्या साली बागेत हवामानाचं यंत्र बसवलं. पाऊस, तापमान, हवेतला ओलावा आणि पान किती तास ओलं राहिलं, हे ते मोजतं. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत जाऊन छिद्रातून आत शिरतात, म्हणून हा शेवटचा आकडा लाखाचा. कंपनीचा कॉम्प्युटर हे आकडे, आमच्या फवारणीच्या नोंदी आणि मागच्या हंगामांचा अनुभव जुळवून मोबाईलवर धोका सांगतो: हिरवा, पिवळा, लाल. मशीन लर्निंग म्हणतात ते हेच. पहिल्या वर्षी गोडी छाटणीनंतर माझ्या चार फवारण्या वाचल्या. औषध वाचलं, डिझेल वाचलं, एक्सपोर्टच्या मालाला रेसिड्यूची धास्ती कमी. खोटं कशाला बोलू, फायदा झाला.

यंदा फुलोऱ्याआधी दिवसा ऊन अन् पहाटे ओढ्यावर धुकं. मोबाईल हिरवा. बायको म्हणाली, "खाली नऊ वाजेपर्यंत पानं ओली हायेत, मारून घ्या." मी म्हटलं, तुला यंत्रापेक्षा जास्त कळतं का? आठव्या दिवशी तेलकट डाग.

कंपनीच्या पोराला बोलावलं, भांडायचंच म्हणून. तो म्हणाला, "काका, यंत्र वर विहिरीपाशी. ओढ्याकाठचं दव त्याला कसं कळणार?" ती जागा मीच दाखवलेली, रस्त्यावरून लोकांना दिसावं म्हणून. मग त्याने माझ्या नोंदी उघडल्या. फवारणी त्याच दिवशी भरायची असते. मी रविवारी बसून अंदाजाने तारखा ठोकायचो. त्या आठवड्यात तर न मारलेली फवारणीही भरली होती, मोबाईल सारखा आठवण करतो म्हणून. त्याच्या हिशोबी पानावर औषधाचं कवच होतं. म्हणून हिरवा.

पोरगा आणखी एक बोलून गेला. आमच्या सगळ्यांच्या नोंदींवरच ते मशीन शिकतं, आणि तोच सल्ला शिवारातल्या बाकी बागांना जातो. पुढे काही विचारायची हिंमत झाली नाही.

उद्या यंत्र खाली हलवतोय. ब्लोअरला वही बांधली आहे, टाकी संपली की बायको तारीख लिहिते. माझ्यावर सोपवायला ती तयार नाही. कुणाकडे जुना जीआय पाईप पडून असेल तर कळवा, यंत्राच्या खांबाला पाहिजे.