मंद्र स्वराची चोरी

पदार्थविज्ञान शिकवितां शिकवितां आमचे केस पिकले. तरीहि गेल्या उन्हाळ्यांत, एरंडोलच्या आमच्या माजघरांत, भाच्यानें आम्हांस नापास केलें. लग्नसराईच्या वाद्यवृंदांत तो बास गिटार वाजवी आणि जवळचें फ्लँजर-पेडल साध्या गिटारचें. "मामा, ह्यानें सूर खालून पोकळ होतो," ही त्याची तक्रार. आम्हीं लागलीच निदान केलें: तोंडाशींचा कपॅसिटर लहान, मंद्र स्वर तेथेंच अडतात. मोठा बसविला, पोकळी वाढली. तेव्हां तुझ्या कानांतच दोष असावा, असेंहि आम्हीं सुनावलें!

फ्लँजर हें यंत्र सुराची किंचित् मागें पडणारी प्रत मूळ सुरांत मिसळतें आणि तें अंतर सारखें कमीजास्त करतें. पूर्वीं हेंच दोन टेपयंत्रें एकदम चालवून, एकाच्या चाकाची कड बोटानें दाबून साधीत. अंतर 12 सहस्रांश सेकंदांवर गेलें, कीं बासच्या सर्वांत जाड तारेचा, सेकंदास 41 आवर्तनांचा स्वर आपल्याच प्रतीच्या उलट पडून मावळतो. अधिक मंद्र आंत सोडून आम्हीं चोराच्याच हातीं किल्ली दिली होती. वर्गांत हेंच दरवर्षीं फळ्यावर काढतों!

मग केवळ विलंबाच्या वाटेवर, 10,000 ओहमच्या रोधापुढें, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला. सुमारें 160 आवर्तनांखालचें तिकडे फारसें जाईना; सरळ वाटेनें अखंड येऊं लागलें. (बॉस कंपनीनें बाससाठीं निराळें फ्लँजर 1980 च्या दशकांतच काढलें होतें, हें मागाहून कळलें.)

भाच्यानें जाड तार छेडली. फळीवरचे पितळी डबे थरथरले. "आतां आहे," एवढेंच म्हणून, आमच्याकडे न पाहतां, तो वाजवीत राहिला.